जुन्या चीजनें तोंडास खाज कां सुटते?

दोन वर्षें मुरलेल्या चीजचा लहानसा तुकडा जिभेवर ठेविला असतां कित्येकांस एक चमत्कारिक अनुभव येतो. प्रथम खारट, मग आंबूस, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखी खमंग चव लागते. आणि घास संपण्यापूर्वींच टाळूला मुंग्या आल्यासारखें वाटूं लागतें, ओठांच्या कडा चुरचुरतात, हिरड्यांस खाज सुटते. शेजारीं बसलेला दुसरा मनुष्य त्याच चीजचा तुकडा मिटक्या मारीत खातो व त्यास कांहींच होत नाहीं. पहिल्याला वाटतें, चीज नासलें असावें. दुसऱ्याला वाटतें, हा उगीच नाजूकपणा करितो. बहुतेक वेळां दोघांचाही तर्क चुकतो.

असें मुरवलेलें चीज मूळ युरोपचें. आतां तें आपल्याकडील मोठ्या शहरांच्या दुकानांतून मिळूं लागलें आहे, आणि परदेशीं शिकावयास गेलेलीं मुलें सुटीवर येतांना त्याचे तुकडे घरीं घेऊन येतात. त्यामुळें हा प्रश्न आमच्या वर्गापर्यंतही येऊन पोहोंचला. एका विद्यार्थिनीनें तो मला विचारला, तेव्हां ‘ॲलर्जी असेल’ एवढ्या शब्दावर तिची बोळवण करणें मला योग्य वाटलें नाहीं. तो शब्द हल्लीं फार सैल वापरला जातो, आणि येथें तर तो पुष्कळ वेळां लागूच पडत नाहीं.

प्रथम चीज म्हणजे काय तें पाहूं. आपलें पनीर करतांना दूध तापवून त्यांत लिंबू पिळतात, तें फाटलें कीं गाळून घेतात व एकदोन दिवसांत खाऊन टाकतात. चीजची गोष्ट वेगळी आहे. दुधांत प्रथम आंबविणारे जंतु सोडतात. मग वासराच्या जठरांतून काढलेलें रेनेट नांवाचें द्रव्य, किंवा त्याच जातीचें दुसरें एखादें द्रव्य, त्यांत घालितात. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन त्यामुळें गोठतें. पाणी निथळून काढतात, मीठ घालतात, सांच्यांत दाबून त्याचें चाक बनवितात. आणि मग तें चाक थंड, दमट खोलींत फळीवर ठेवून वाट पाहतात. ही वाट पाहणें हाच चीजचा खरा पाक होय. इटलींतील पार्मा शहराच्या परिसरांत होणाऱ्या पार्मिजानो रेज्जानो ह्या चीजला निदान १२ महिने मुरविल्यावांचून तें नांव लावतां येत नाहीं. २४ व ३६ महिने मुरविलेलींही चाकें असतात. एका चाकाचें वजन सुमारें ४० किलो भरतें व त्यासाठीं पांचशेंहून अधिक लिटर दूध लागतें. ‘कष्टांचें चीज झालें’ असें आपण म्हणतों. त्या शब्दाचा ह्या शब्दाशीं कांहीं संबंध नाहीं, परंतु पार्मा प्रांतांतील गवळ्याच्या तोंडीं तें वाक्य दोन्ही अर्थांनीं शोभेल.

ह्या महिन्यांत फळीवर स्वस्थ बसलेल्या चाकाच्या आंत मात्र सारखी मोडतोड चालूं असते. केसीन म्हणजे सुमारें दोनशें मण्यांची एक माळ आहे, असें विद्यार्थ्यांनीं समजावें. हे मणी म्हणजे अमिनो आम्लें. रेनेट आणि जंतूंचीं एंझाइमें ही माळ जागोजाग तोडीत जातात; लांब माळेचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी लहान तुकडे होतात, आणि शेवटीं सुटे मणी उरतात. अखंड माळेला चव जवळजवळ नसते. सुट्या मण्यांना असते. म्हणून ताजें चीज मिळमिळीत लागतें आणि जुनें चीज खमंग लागतें.

ही मोडतोड डोळ्यांनींही दिसते. जुन्या पार्मिजानोचा तुकडा फोडला कीं त्यांत बारीक पांढरे कण दिसतात व दांतांखालीं ते कचकन् वाजतात. पुष्कळांस तें मीठ वाटतें. तें मीठ नव्हे. टायरोसिन नांवाचा सुटा मणी इतका सांचतो कीं तो विरघळून राहूं शकत नाहीं व त्याचे स्फटिक बनतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग ह्यानें १८४६ सालीं हा पदार्थ चीजच्या केसीनपासूनच प्रथम मिळविला, आणि चीजला ग्रीक भाषेंत असलेल्या ‘टायरॉस’ ह्या शब्दावरून त्यास नांव पडलें. ह्या कणांनीं तोंडास खाज सुटत नाहीं. ते केवळ साक्षीदार आहेत: येथें माळ पुष्कळ तुटली आहे एवढेंच ते सांगतात.

खाजेचें मूळ दुसऱ्या एका मण्यांत आहे. त्याचें नांव हिस्टिडिन. तो स्वतः निरुपद्रवी, किंबहुना शरीरास आवश्यक आहे. परंतु चीजमधील कांहीं जंतूंपाशीं असें एक एंझाइम असतें, कीं तें हिस्टिडिनच्या अणुसमूहांतून कार्बन डायॉक्साइड वायूचा तुकडा काढून टाकतें. हिस्टिडिनमध्यें कर्बाचे सहा अणु असतात. एक गेला, पांच राहिले. जो राहिला त्याचें नांव हिस्टामिन. जंतु हा उद्योग आपल्या सोयीसाठीं करितात, कारण त्यानें त्यांच्या भोंवतालचा आंबटपणा थोडा कमी होतो. निघालेला वायु चाकांत अडकून कधीं कधीं आंत भेगाही पडतात. स्वित्झर्लंडच्या एमेंटाल चीजला जीं मोठीं गोल छिद्रें असतात तीं मात्र ह्या वायूचीं नव्हेत. तीं निराळ्या जातीच्या जंतूंचीं कामगिरी आहे व तीं मुद्दाम घडवून आणलेलीं असतात.

आतां हिस्टामिन तोंडांत जाऊन करितें तरी काय? १९०७ सालीं विंडाउस व फोग्ट ह्या जर्मन रसायनज्ञांनीं हा पदार्थ प्रयोगशाळेंत बनविला. तेव्हां त्याचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता. १९१० सालीं इंग्लंडांत हेन्री डेल आणि लेडलॉ ह्यांनीं तो प्राण्यांच्या शरीरांत घालून पाहिला, तेव्हां रक्तदाब उतरला व गिनीपिगच्या श्वासनलिका आवळल्या गेल्या. पुढें १९२७ सालीं डेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें, कीं हिस्टामिन हें आपल्या शरीरांतच, यकृतांत व फुप्फुसांत, स्वाभाविकपणें असतें. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत सर थॉमस लुईस ह्यांनीं त्वचेचा प्रयोग वर्णिला आहे. हिस्टामिनचा थेंब ठेवून त्वचेस सुईनें किंचित् टोंचलें, तर आधीं तेथें लाल ठिपका उठतो, मग भोंवतीं लाली पसरते, मग मध्यें गांधीसारखी फुगवटी येते. आणि खाज सुटते. केशवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपतें, आणि मज्जातंतूंच्या टोकांना चेतना मिळते. तोंडांतील त्वचा तर हातावरील त्वचेहून कितीतरी पातळ व ओली असते.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे, कारण सर्व घोंटाळा हिच्यामुळें होतो. खऱ्या ॲलर्जींत सुद्धां शेवटीं हिस्टामिनच काम करितें. फरक एवढाच, कीं तेथें तें आपल्या शरीरांतील विशिष्ट पेशींच्या कोठारांतून बाहेर पडतें. एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शरीर शत्रू समजतें आणि कोठाराचीं दारें उघडतें. जुन्या चीजच्या बाबतींत हिस्टामिन बाहेरून, तयार होऊन येतें. चिन्हें सारखींच दिसतात, परंतु कारण निराळें असतें. आणि कारण निराळें म्हणून पथ्यही निराळें.

हॉलंडांतील एका प्रकरणावरून हें प्रथम स्पष्ट झालें. १९६७ सालीं तेथील वैद्यांनीं गौडा जातीचें चीज खाऊन झालेल्या हिस्टामिनच्या बाधेची हकीकत प्रसिद्ध केली. त्या चीजच्या १०० ग्रॅममध्यें ८५ मिलिग्रॅम हिस्टामिन सांपडलें. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०११ सालीं असें ठरविलें, कीं निरोगी मनुष्यास एका जेवणांत ५० मिलिग्रॅमपर्यंत हिस्टामिन बाधत नाहीं. वरील गौडाचे केवळ ६० ग्रॅम खाल्ले तर ५१ मिलिग्रॅम होतात. म्हणजे जाडशा दोन कापांत मर्यादा संपली. उलट ज्या चीजमध्यें १०० ग्रॅममागें ३ मिलिग्रॅमच हिस्टामिन आहे, त्याचा दीड किलोचा गोळा खाल्ला तरी ती मर्यादा ओलांडली जात नाहीं. पोट बिघडेल तें निराळ्या कारणानें. १९८५ सालीं अमेरिकन संशोधकांनीं लोकांना बाधलेल्या स्विस जातीच्या चीजमधून हिस्टामिन बनविणारा जंतूच वेगळा काढून दाखविला. तो लॅक्टोबॅसिलस कुळांतला, म्हणजे दह्याच्या जंतूंचा भाऊबंदच होता.

ह्यावरून दिसेल, कीं ‘गौडा बाधतें’ किंवा ‘चेडर बाधत नाहीं’ असें नांवावरून सांगतां येत नाहीं. एकाच नांवाच्या दोन चाकांत जमीनअस्मानाचें अंतर असूं शकतें. दूध कच्चें होतें कीं तापविलेलें, भांडीं कितपत स्वच्छ होतीं, खोली किती गरम होती, चाक किती महिने ठेविलें, ह्या सर्वांवर तें अवलंबून आहे. सामान्यतः तापविलेल्या दुधाच्या चीजमध्यें हिस्टामिन कमी आढळतें. परंतु दूध तापविल्यानंतर भांड्यांतून अगर हवेंतून नवे जंतु शिरले, तर तो लाभ जातो. आणि एकदां हिस्टामिन तयार झालें, कीं तें घालविण्याचा उपाय स्वयंपाकघरांत नाहीं. सुरण किंवा अळू चिंच वा आमसूल घालून नीट शिजविलें म्हणजे खाजत नाहीं, हें घरांतील मुलींस ठाऊक असतें. तेथील खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनीं टोंचल्यामुळें उत्पन्न होते. हिस्टामिनला सुई नाहीं व तें आंचेस दादही देत नाहीं. चीज पावावर ठेवून भाजलें, रश्शांत वितळविलें, तरी जंतु मरतील, हिस्टामिन तसेंच राहील.

आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर ह्याच हिस्टामिनची दुसरी एक वाट आहे, आणि आपल्याला चीजपेक्षां ती अधिक जवळची आहे. बांगडा, सुरमई, कुपा हे एकाच कुळांतले मासे. त्यांच्या मांसांत मोकळें हिस्टिडिन पुष्कळ असतें. तेथें माळ तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाहीं. जाळ्यांतून काढलेला मासा बर्फावांचून उन्हांत कांहीं तास पडला, तर जंतु तेंच काम झपाट्यानें करितात. असा मासा खाल्ल्यावर तोंडांत मिरीसारखी चुरचुर होते, चेहरा लाल होतो, डोकें ठणकतें. आणि लोक म्हणतात, ‘ह्याला मासा चालत नाहीं.’ वास्तविक तो ताजा बांगडा दुसऱ्या दिवशीं खुशाल पचवील. माशांसाठीं आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें किलोमागें २०० मिलिग्रॅम हिस्टामिनची मर्यादा घातली आहे. वांग्यांतही हिस्टामिन थोडें मूळचेंच असतें. कित्येकांचे ओठ वांग्याच्या भाजीनें खाजतात, तें अगदीं थोतांड नव्हे.

मग एकाला होतें व दुसऱ्याला कां होत नाहीं? आपल्या आंतड्याच्या अस्तरांत डायामिन ऑक्सिडेज नांवाचें एक एंझाइम पहारेकऱ्यासारखें बसलेलें असतें. अन्नांतून आलेलें हिस्टामिन रक्तांत शिरण्यापूर्वींच तें मोडून टाकतें. कोणाचा पहारा कडक असतो, कोणाचा ढिला. मद्य घेतल्यानें हा पहारा ढिला पडतो, आणि युरोपांत तर जुनें चीज व मद्य हीं एकाच मेजावर असतात. कांहीं औषधेंही तो ढिला करितात. त्यांपैकीं एक आपल्या देशांत लाखों लोक घेत असतात, म्हणून त्याविषयीं थोडें सविस्तर लिहितों.

तें औषध आयसोनियाझिड. १९५२ पासून क्षयरोगावर तें वापरण्यांत आहे, आणि आजही क्षयाच्या उपचारांतील तें एक मुख्य औषध आहे. हें औषध क्षयाचे जंतु मारितें, त्याबरोबरच हिस्टामिन मोडणाऱ्या एंझाइमालाही अडथळा करितें. श्रीलंकेंतील वैद्यांनीं १९७७ सालीं असे रोगी नोंदले, कीं हें औषध चालूं असतां हिस्टामिनयुक्त मासे खाल्ल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला, डोकें दुखूं लागलें, छाती धडधडली. पुढच्याच वर्षीं चीज खाल्ल्यानें असाच प्रकार घडल्याचें अमेरिकेंतून प्रसिद्ध झालें. अशा वेळीं घरांतलीं माणसें घाबरतात व औषध सोसलें नाहीं असें समजून गोळ्याच बंद करितात. ह्याहून मोठें संकट दुसरें नाहीं. क्षयाचें औषध मध्येंच सोडल्यास रोग पुन्हा बळावतो, आणि त्या औषधास न जुमानणारा होऊं शकतो. सोडावयाचें असेल तर तें जुनें चीज, शिळा मासा, गोळी नव्हे. आणि झालेला प्रकार डॉक्टरांस त्याच दिवशीं सांगावा.

टायरोसिनचीही अशीच एक कथा आहे. हिस्टिडिनपासून हिस्टामिन, त्याच रीतीनें टायरोसिनपासून टायरामिन. तें खाज आणीत नाहीं. तें रक्तदाब चढवितें. निरोगी मनुष्याचें शरीर तें सहज मोडून टाकतें. परंतु उदासीनतेच्या विकारावर १९६० च्या सुमारास जीं कांहीं नवीं औषधें निघालीं, त्यांनीं हें मोडण्याचें काम बंद पडत असे. तीं औषधें घेणाऱ्यांस एकाएकीं भयंकर डोकेदुखी होई, कांहींच्या मेंदूंत रक्तस्राव होई, व कारण कळत नसे. इंग्लंडांतील एका औषधतज्ज्ञ गृहस्थानें लिहून कळविलें, कीं आपल्या पत्नीस चीज खाल्ल्यावरच हा त्रास होतो. लंडनचे तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल ह्यांना प्रथम ती कल्पना हास्यास्पद वाटली; पण त्यांनीं ती टाकून न देतां रोग्यांच्या जेवणाची चौकशी केली, आणि १९६३ सालीं चीजचा संबंध उघडकीस आणिला. मला ह्या हकीकतींत त्या डॉक्टरांइतकेंच त्या गृहस्थाचें कौतुक वाटतें. त्यानें घरांत घडणाऱ्या गोष्टीकडे नीट पाहिलें होतें.

पालकांनींही पाहावयाचें तें असेंच. मुलाला जुन्या चीजनें चुरचुर झाली, तर ताजें दूध, दही, पनीर ह्यांनीं तसेंच होतें काय? होत नसेल, तर दुधाची ॲलर्जी असण्याचा संभव फार कमी, आणि त्या भीतीनें वाढत्या मुलाचें दूध तोडणें हें केवळ नुकसान होय. होत असेल, तर मात्र केसीनचा संशय घेऊन डॉक्टरांकडे जावें. आणि ओठ किंवा जीभ सुजली, घसा आवळला, आवाज बसला, श्वासांत घरघर आली, अंगभर गांधी उठल्या वा भोवळ आली, तर चीज कोणतें होतें ह्याची चर्चा करीत न बसतां मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. येथें मिनिटें मोलाचीं असतात.

हिस्टामिनशिवाय दुसरीं कांहीं लहानसहान कारणेंही आहेत. इटलीचें ‘पिकान्ते’ म्हणजे झणझणीत प्रोव्होलोने हें करड्याच्या अथवा कोंकराच्या जठरांतील द्रव्यानें करितात. त्या द्रव्यानें दुधांतील स्निग्धांशाचे तुकडे होऊन तीव्र वासाचीं आम्लें सुटतात. लोणी खवट झाल्यावर जो वास येतो तो ह्यांपैकींच एकाचा. तीं जिभेला झोंबतात, पण ती नुसती चव होय. तोंड आलें असेल तर खारट व आंबट चीज सहजच चुरचुरतें. निळ्या बुरशीच्या रोकफोर चीजमधील बुरशी एखाद्यास सोसत नाहीं. फ्रान्सच्या मिमोलेत चीजच्या कवचावर तर सूक्ष्म किडे मुद्दाम पोसतात, व त्यांनीं कोरून कोरून तें कवच खडबडीत होतें. त्या किड्यांनीं ॲलर्जी होईल ह्या भीतीनें अमेरिकेनें २०१३ सालीं त्याचा माल बंदरांतच अडकवून ठेविला होता.

शेवटचें कारण मला सर्वांत विलक्षण वाटतें. पार्मिजानोसारखेंच दिसणारें ग्राना पादानो नांवाचें दुसरें एक इटालियन चीज आहे. मुरतांना नको त्या जंतूंच्या वायूनें चाक फुटूं नये म्हणून ह्या चीजच्या दुधांत लायसोझाइम नांवाचें द्रव्य घालण्याची रीत आहे, आणि तें द्रव्य कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकांतून काढितात. पार्मिजानोमध्यें तें घालण्यास बंदी आहे. किसून पानावर वाढलें तर दोहोंतला भेद सहसा ओळखूं येत नाहीं. परंतु ज्या मुलाला अंडें बाधतें त्याचे ओठ एकानें खाजतील व दुसऱ्यानें खाजणार नाहींत. दूध चालतें, जुनें चीज चालतें, तरी हें एकच चालत नाहीं, असें जेव्हां आढळेल तेव्हां वेष्टणावरील बारीक अक्षरें वाचून पाहावीं. अंड्याचा उल्लेख तेथें केलेला असतो.